प्राथमिक आरोग्य केंद्रात कौटुंबिक हिंसेची विचारणा: सुरुवात कोठून करावी आणि ‘हो’ म्हणाल्यावर काय करावे

‘न्हाणीत पाय घसरून पडलो बघा,’ असे सांगत मनगटाला सूज घेऊन आलेली बाई कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राला नवी नाही. दुखण्याची गोळी, क्रेप बँडेज आणि गरज वाटल्यास एक्स-रेसाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी, एवढ्यावर ती भेट संपते. काही महिन्यांनी तीच बाई डोकेदुखीसाठी येते, मग अंगावरून पांढरे जाते म्हणून, मग झोप लागत नाही म्हणून. प्रत्येक वेळी केस पेपर नवा असतो, बहुधा डॉक्टरही वेगळा असतो, आणि त्यामुळे या चार तक्रारी एकाच घरातून आल्या आहेत हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली आहे. याच सर्वेक्षणातील देशपातळीवरचा दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो: शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. पोलीस ठाण्याची पायरी या स्त्रिया चढत नाहीत; आरोग्य केंद्रात मात्र त्या येतात, कारण बाळाला डोस द्यायचा असतो, तांबी बसवायची असते, बीपी तपासायचे असते. त्यांना भेटण्याची संधी आपल्याला इतर कोणत्याही खात्यापेक्षा जास्त वेळा मिळते, म्हणून हा लेख वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि आरोग्य सेविका यांच्यासाठी लिहिला आहे.

सगळ्यांना विचारायचे की काहींनाच?

याबाबत तज्ज्ञांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयी सल्ला देणारे तज्ज्ञमंडळ प्रजननक्षम वयातील सर्व स्त्रियांची चाळणी (स्क्रीनिंग, म्हणजे खुणा असोत वा नसोत सगळ्यांना विचारणे) करावी असे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सरसकट चाळणीची शिफारस करत नाहीत. ज्या तक्रारींमागे हिंसा असू शकते अशा तक्रारी दिसल्यास विचारावे, आणि किमान तयारी असेल तेथे गरोदरपणाच्या तपासणीत विचारणा करावी, अशी त्यांची भूमिका आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निरनिराळ्या देशांतील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सरसकट विचारल्याने हिंसा अधिक प्रमाणात उघड होते हे दिसले, पण केवळ तेवढ्याने हिंसा कमी झाल्याचे किंवा त्या स्त्रियांचे आरोग्य सुधारल्याचे सिद्ध झाले नाही. उघड झाल्यानंतर हाताशी काहीच नसेल तर प्रश्नाचा उपयोग नाही, असा त्याचा अर्थ मी घेते.

माझे मत असे की, केंद्राने पहिले सहा महिने प्रत्येक गरोदर स्त्रीला विचारावे आणि इतरांपैकी ज्यांच्यात खुणा दिसतात त्यांना विचारावे. घडी बसल्यावर कुटुंब नियोजनासाठी येणाऱ्या स्त्रिया आणि तीस वर्षांवरील असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीला येणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत वाढवावे. गरोदरपणाला प्राधान्य देण्याचे कारण म्हणजे ती स्त्री ठरलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा येते, आणि पोटावरच्या मारामुळे गर्भपात, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचे बाळ असे धोके थेट वाढतात.

खुणा म्हणजे केवळ काळे-निळे डाग नव्हेत. सांगितलेले कारण आणि जखम यांचा मेळ न बसणे, वेगवेगळ्या दिवसांच्या जखमा एकाच वेळी दिसणे, चेहरा, मान, स्तन किंवा पोटावर मार असणे, दुखापतीनंतर दोन-तीन दिवसांनी येणे या उघड खुणा झाल्या. त्याहून सहज सुटणाऱ्या खुणा म्हणजे तपासणीत काहीच न सापडणारे जुनाट दुखणे, वारंवार होणारा लघवीचा किंवा जननमार्गाचा संसर्ग, लागोपाठ नको असलेली गर्भधारणा, गरोदरपणाची उशिरा झालेली नोंदणी, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोबतच्या माणसाने देणे. ‘चुकून’ तणनाशक किंवा उंदराचे औषध पोटात गेलेल्या तरुण सुनेला विचारल्याशिवाय घरी पाठवणे ही तर सरळसरळ चूक आहे.

विचारण्यापूर्वीची तयारी

येथे घाई केली तर पुढचे सगळे बिघडते, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घालवते.

मी नोकरीला नवीन असताना एका केंद्रात सात महिन्यांच्या गरोदर मुलीला पडद्याआड तपासताना ‘घरी काही त्रास नाही ना?’ असे विचारले होते. पडद्यापलीकडे तिची सासू बसली होती. मुलगी ‘नाही’ म्हणाली आणि पुढच्या एकाही तपासणीला आली नाही. पडदा म्हणजे भिंत नव्हे, हे मला त्या मुलीच्या जिवावर शिकावे लागले, आणि तिचे पुढे काय झाले असेल हा प्रश्न आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून पहिली अट जागेची. दार लागणारी, आतला आवाज बाहेर न जाणारी एक खोली हवी. प्रसूतिकक्षाशेजारची तपासणीची खोली किंवा लसीकरण नसलेल्या दिवशी शीतसाखळीची (लसी थंड ठेवण्याची) खोलीही चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी ओटा भरून गर्दी असते. त्या दिवशी खोली मिळणार नसेल तर त्या दिवशी विचारू नये, पुढच्या भेटीची नोंद करावी. एकांत नसेल तर प्रश्न नाही, हा नियम कोणासाठीही मोडायचा नाही. दोन वर्षांहून मोठे मूलही खोलीत नको, कारण ते घरी जाऊन बोलते.

नातेवाइकांना बाहेर कसे थांबवायचे, ही खरी अडचण असते. ठरावीक बाईच्याच नवऱ्याला बाहेर पाठवले तर त्याला संशय येतो. त्यामुळे ‘तपासणीच्या वेळी फक्त रुग्णाने आत थांबावे’ अशी पाटी सर्वांसाठी लावावी आणि ती रोज, प्रत्येकासाठी पाळावी. लघवीचा नमुना देण्यासाठी किंवा वजनासाठी सिस्टरने तिला एकटीला आत नेणे हा सर्वांत साधा मार्ग आहे.

दुसरी अट माणसांची. केंद्रातील प्रत्येकाने विचारायचे नाही; प्रशिक्षण घेतलेल्या दोघी किंवा तिघींनीच विचारायचे. बाकीच्यांना, म्हणजे शिपाई, वाहनचालक आणि केस पेपर काढणाऱ्यालाही, एवढेच शिकवायचे की कोणाला आत एकटे का नेले याची चर्चा करायची नाही. आशाताईंवर घरोघरी जाऊन विचारण्याचे काम टाकू नये, असे मी ठामपणे सांगते. त्या त्याच गावच्या, पुष्कळदा त्याच भावकीतल्या असतात. घरात विचारलेला प्रश्न घरातच ऐकला जातो आणि त्याचा राग त्यांच्यावरही निघतो. शंका आली तर त्या बाईला काही निमित्ताने केंद्रात आणणे, एवढेच त्यांचे काम.

प्रशिक्षणात एक आक्षेप हमखास येतो: हा त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला पडायचे? कोल्हापूर संस्थानात १९१९ साली शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. या मातीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उंबऱ्याबाहेर आला आहे, हे सांगितल्यावर चर्चा पुढे सरकते. कर्मचाऱ्यांपैकी कोणी स्वतः हे सोसत असेल, हेही गृहीत धरावे. तिच्यासाठी तीच खोली आणि तीच मदत खुली आहे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला सांगावे.

तिसरी अट यादीची. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली स्त्रियांना मदत करण्यासाठी नेमलेले अधिकारी) कार्यालयीन दूरध्वनी, जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र), कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, जवळचे उपजिल्हा रुग्णालय, पोलीस ठाणे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांचे क्रमांक एका कागदावर लिहून काढावेत आणि दर तीन महिन्यांनी स्वतः फोन लावून तपासावेत. बंद पडलेला क्रमांक हातात देणे म्हणजे त्या बाईने मोठ्या धीराने उचललेले पाऊल मागे घ्यायला लावणे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, बालकांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. स्त्रीला मोफत विधी सेवा मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आवर्जून लक्षात ठेवावे.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा

‘कौटुंबिक हिंसा’ हा शब्द प्रश्नात वापरू नये. आपल्यावर हिंसा होते असे फार थोड्या स्त्रिया म्हणतात. ‘जाच आहे’, ‘मालक पिऊन आले की हात उचलतात’, ‘घरात लई बोलतात’ असे त्या म्हणतात. माझ्या अनुभवात पुढील शब्दांना उत्तर मिळते:

‘ताई, बऱ्याच बायकांच्या दुखण्यामागं घरातला ताण असतो, म्हणून इथं येणाऱ्या सगळ्यांना मी हे विचारते. घरात तुम्हाला कुणाची भीती वाटते का? कुणी मारतं, ढकलतं, सारखं टाकून बोलतं, पैसे काढून घेतं, माहेरी जाऊ-बोलू देत नाही, किंवा मनाविरुद्ध जवळ येतं, असं काही होतं का?’

गरोदर स्त्रीला एक प्रश्न अधिक: ‘पोटाला मार लागलाय का कधी?’ प्रश्न विचारल्यावर थांबावे. पेनाकडे किंवा मोबाइलकडे न पाहता अर्धा मिनिट गप्प राहणे हे या कामातील कठीण कौशल्य आहे. ‘कुणी’ हा शब्दही मुद्दाम आहे, कारण मारणारा नेहमी नवराच असतो असे नाही. सासू, दीर, मुलगा किंवा स्वतःचे वडीलही असू शकतात. वृद्ध स्त्रीला विचारताना वेळेवर जेवण आणि औषध मिळते का, पेन्शनचे पैसे कोणाच्या हातात असतात, हे विचारल्यावर बोलणे आपोआप सुरू होते. विधवा सुनेला घराबाहेर काढण्याची धमकी हीदेखील हिंसाच आहे. ज्या जिल्ह्यातील हेरवाड गावाने (ता. शिरोळ) २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच जिल्ह्यात आपण काम करतो.

प्रश्नावलीच हवी असेल तर ‘हिट्स’ ही चार प्रश्नांची चाळणी छोटी आहे: मारणे, अपमान, धमकी आणि ओरडणे-शिव्या यांना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात आणि एकूण गुण १० च्या वर गेल्यास पुढे चौकशी करतात. परंतु तिच्यात लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची कोंडी यांविषयी प्रश्न नाहीत, आणि गुणांचा कागद हातात धरून विचारले की बाई परीक्षेला बसल्यासारखी उत्तरे देते. मी ती शिकण्यापुरती वापरते.

दुभाष्याची गरज इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्तीत आणि चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या सीमाभागात पडते. कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या बाईचे बोलणे नवऱ्याने, नणंदेने वा मुलाने सांगू नये. ती भाषा येणारी परिचारिका मिळेपर्यंत थांबावे.

वचन देताना मर्यादाही आधीच सांगावी. प्रौढ स्त्रीने सांगितलेले तिच्या संमतीशिवाय घरी कळणार नाही, असे म्हणता येते. पण समोरची मुलगी १८ वर्षांखालील असेल आणि लैंगिक संबंध किंवा अत्याचार उघड झाला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) कळवणे बंधनकारक आहे, लग्न झालेले असले तरीही. सतरा वर्षांची गरोदर मुलगी आपल्याकडे येतेच. तिला हे आधी न सांगता बोलते करणे म्हणजे तिची फसवणूक आहे.

‘हो’ म्हणाल्यानंतरची दहा मिनिटे

प्रथम ऐकून घ्यावे. ‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमचा दोष नाही, असं वागायचा हक्क कुणालाच नाही,’ ही तीन वाक्ये उपचाराचाच भाग आहेत. ‘मग राहता कशाला?’ किंवा ‘तुम्हीच काही बोलला असाल’ ही दोन वाक्ये कधीही उच्चारू नयेत. नवऱ्याला बोलावून समज देणे, सरपंचांना सांगणे किंवा प्रकरण तंटामुक्त समितीकडे नेणे हा सद्‍हेतूने केलेला अपघात ठरतो. त्या रात्री मार खायला ती एकटीच असते.

त्यानंतर आजच्या धोक्याचा अंदाज घ्यावा. गेल्या सहा महिन्यांत मारहाण वाढली आहे का, हत्याराने मारले किंवा धमकावले आहे का, गळा दाबला आहे का, गरोदरपणात मारले आहे का, तो कमालीचा संशयी आहे का, आणि तो जीव घेईल असे तिला स्वतःला वाटते का, हे प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या हस्तपुस्तिकेत आहेत. तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ असतील तर धोका मोठा मानावा. तिच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, हेही सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

गळा दाबल्याचे उत्तर आले तर बाकी सगळे बाजूला ठेवावे. मानेवर एकही खूण नसताना आतल्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटलेले असू शकते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास लागणे, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी शुद्ध हरपणे किंवा कपड्यात लघवी होणे यांपैकी काहीही असल्यास तिला त्याच दिवशी रुग्णवाहिकेने सीपीआरला पाठवावे आणि चिठ्ठीवर ‘गळा दाबल्याचा इतिहास’ असे स्पष्ट लिहावे. लैंगिक जबरदस्ती झाली असल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषधे आणि गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली.

धोका तातडीचा नसेल तर सुरक्षिततेचा बेत तिच्याबरोबर बसून आखावा आणि तो तिच्या गावच्या नकाशावर आखावा. रात्री निघावे लागले तर कोणाच्या दारात जाता येईल? शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीतून शेवटची एसटी किती वाजता सुटते? २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. तेवढे पैसे नवऱ्याच्या हाती लागणार नाहीत अशा जागी आहेत का? पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले तर कोल्हापूरची वाट बंद होते. मग दुसरी सोय कोणती? आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि दागिने हळूहळू माहेरी किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवता येतील का? मार सुरू झाला तर विळी, कोयता असलेल्या स्वयंपाकघरात जाऊ नये, दाराजवळ राहावे, हे सांगावे. हा बेत कागदावर देऊ नये. १८१ हा आकडा लक्षात राहतो, तेवढा पुरे.

तिने आज काहीच करायचे नाही असे ठरवले तर ते मान्य करावे. घर सोडण्याचा काळ हाच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, आणि कधी निघायचे हे तिच्याइतके कोणालाच कळत नाही.

नोंद: कोठे लिहावे, कोठे लिहू नये

आपल्याकडे केस पेपर रुग्णाबरोबर घरी जातो. माता-बाल संरक्षण कार्डही घरी जाते आणि घरातील सगळे ते चाळतात. या दोन्हींवर हिंसेचा एक शब्दही, एखादी खूणही नसावी. केंद्रात कुलपात राहणारी स्वतंत्र नोंदवही असावी आणि तिची किल्ली दोघींकडेच असावी.

त्या वहीत तिचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहावेत: ‘नवऱ्याने काठीने मारले असे सांगते’. ‘आरोप करते’ किंवा ‘म्हणे’ असे शब्द टाळावेत, कारण न्यायालयात त्यांचा अर्थ डॉक्टरचा अविश्वास असा लावला जातो. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग आणि आकार शरीराच्या आराखड्यावर दाखवावा. जखम आणि सांगितलेले कारण जुळते की नाही, तेही लिहावे. तिच्याशी संपर्क करायला कोणता क्रमांक, कोणती वेळ सुरक्षित आहे आणि फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचे (‘लोहाच्या गोळ्या आल्यात’ हे उत्तम निमित्त आहे), हे नोंदवण्यास विसरू नये.

कायद्याने आपल्यावर टाकलेले काम

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांचा समावेश होतो. कलम ७ नुसार मागणी केल्यावर वैद्यकीय मदत द्यावीच लागते. नियमांतील १७ वा नियम आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतो: कौटुंबिक घटना अहवाल (झालेल्या हिंसेची ठरावीक नमुन्यातील नोंद) आधी झालेला नाही या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत, अहवाल झालेला नसेल तर वैद्यकीय केंद्राच्या प्रमुखाने तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणी अहवालाची प्रत त्या स्त्रीला विनामूल्य द्यायची असते. म्हणून नमुना १ च्या कोऱ्या प्रती केंद्रात असाव्यात. तो भरण्याआधी त्याचा अर्थ तिला समजावावा: हा एफआयआर नाही, यामुळे नवऱ्याला लगेच अटक होत नाही, परंतु न्यायालयाकडे संरक्षण, घरात राहण्याचा हक्क आणि खर्च मागताना हा कागद तिच्या बाजूने बोलतो. प्रत घरी नेणे धोक्याचे असेल तर ती केंद्रातच तिच्या नावाने सांभाळावी.

सीमाभागातील सहकाऱ्यांना एक गोष्ट विशेष उपयोगी पडेल. निपाणीकडे दिलेली कागलची लेक माहेरी परतली असेल तर तिला अर्जासाठी कर्नाटकात जावे लागत नाही. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो.

पुढची भेट आणि दरमहाचा आढावा

‘नाही’ म्हणालेल्यांपैकी काही जणी तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी बोलतात. म्हणून वहीत ‘विचारले, नाही म्हणाली, पुन्हा विचारावे’ अशी नोंद ठेवावी. हो म्हणालेल्या स्त्रीला पुढची तारीख बीपी, रक्त किंवा बाळाच्या वजनाच्या निमित्ताने द्यावी, म्हणजे घरी सांगायला कारण राहते.

गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतील स्त्रियांचा विचार वेगळा करावा लागतो. कारखाना बंद झाला की टोळी निघून जाते आणि आपली पुढची तारीख निरर्थक ठरते. त्यांच्या बाबतीत पहिल्याच भेटीत शक्य तेवढे करावे, १८१ पाठ करून घ्यावा, आणि तिची संमती असेल तर मूळ गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी तिच्यासमोरच फोनवर बोलावे. मुकादमाला यातले काहीही कळता कामा नये.

महिन्याच्या बैठकीत तीनच आकडे पाहावेत: एकांतात किती जणींना विचारले, किती जणींना एकांत न मिळाल्याने विचारता आले नाही, आणि हो म्हणालेल्यांपैकी किती जणी पुन्हा आल्या. किती जणींनी ‘हो’ म्हटले याचे उद्दिष्ट कोणालाही ठरवून देऊ नये. लक्ष्य आले की दबाव येतो आणि दबावाखाली विचारलेला प्रश्न त्या बाईला ओळखू येतो. दुसरा आकडा सलग दोन महिने वाढत असेल तर दोष प्रश्नात नसून खोलीत आहे, आणि पुढच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत दार, कडी आणि पाटी यांसाठी खर्चाची मागणी ठेवावी.